'न' नियमबाह्य

हजर सतरा. गणसंख्येला पंधरा पुरतात.
म्हणजे दोघं पडशानं घरी राहिले असते तरी सभा झाली असती.
तिघं राहिले असते, तर क्लब
आणखी महिनाभर जगला असता.

सस्कॅचेवान. बाहेर उणे एकतीस.
कर्लिंगच्या मैदानाला चिकटलेली खोली,
काचेपलीकडे अंधारात बर्फाचा लांब पट्टा,
उकळून उकळून कडू झालेली कॉफी.
मी चिटणीस. लिहितो शिसपेन्सिलीनं,
शाई इथे पेनातच बसून राहते.

ठराव लॉयल मॅककॉर्किंडेल यांचा,
अनुमोदन त्यांच्याच जावयाचं:
क्लब ताबडतोब विसर्जित करावा आणि इमारत विकावी.
सात शब्द. एकाहत्तर हिवाळे.

ओल्हा ह्रिंचुक उठल्या. वय ब्याऐंशी.
त्यांचा दमित्रो चाळीस वर्षं हा बर्फ बनवायचा,
रात्री दोनला, पाठीवर टाकी घेऊन,
उलटं चालत, थेंब थेंब शिंपत.
बाई म्हणाल्या, "माझी उपसूचना एका अक्षराची आहे.
'विसर्जित'च्या पुढे 'न' घाला."

अध्यक्ष इर्मगार्ड फ्रीझन. आयुष्यभर गणित शिकवलेलं.
नियमांचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही.
"नियमबाह्य. उपसूचनेनं ठराव बदलता येतो,
उलटा करता येत नाही.
नको असेल तर विरोधी मत दे, ओल्हा."
"विरोधी आम्ही सात आहोत. मोजून आलेय."

कुणी हसलं नाही. कुणीतरी कॉफी ओतून घेतली.

या खेळात दगड एकदा हातातून सुटला की सुटला.
त्याला परत शिवायचं नाही.
दोघं फक्त झाडू घेऊन पुढे पळतात,
त्याच्या वाटेवरचा बर्फ घासतात,
आणि दगड जाणार होता त्याहून हातभर लांब जातो,
वळणार होता त्याहून थोडा कमी वळतो.
एवढंच.
त्या हातभरावर आम्ही करंडक जिंकलेत, आणि घालवलेतही.

ओल्हा उभ्याच होत्या.
"मग 'ताबडतोब' खोडा. तिथे लिहा:
बर्फ वितळल्यावर."
मागच्या बाकावरून अनुमोदन आलं.
मी रेघ ओढली, हंसपद काढलं,
दोन रेघांचं चिमुकलं छप्पर,
आणि त्याच्यावर ते दोन शब्द बसवले.

तेवढ्यात ब्रेडन बोडनार. एकोणीस वर्षांचा,
लॉयलच्याच ट्रॅक्टरवर कामाला, सभेत कधी न बोललेला.
"उपसूचनेला उपसूचना.
'बर्फ'नंतर 'आपोआप'."
"म्हणजे?" लॉयल म्हणाले.
"म्हणजे कुणी हीटर आणून लावायचा नाही."

लॉयल तडक उठले: "मग त्यात हेही घाला,
किंवा एकतीस मार्चला, जे आधी होईल..."
इर्मगार्डबाईंनी हातोडा उचलला, आपटला नाही.
"या घराला दोनच मजले, लॉयल. तिसरा चढवता येत नाही.
आधी ब्रेडनचं निकालात निघू दे, मग तुझं मांड."

आधी नात, मग लेक, मग आई:
मतं या क्रमानं घेतात.
'आपोआप' नऊ विरुद्ध सात.
लॉयलना विचारलं, तुमचं काय?
ते काचेकडे बघत होते. म्हणाले, राहू दे.
'बर्फ आपोआप वितळल्यावर' अकरा विरुद्ध पाच.
मग आई. दुरुस्त ठराव मी मोठ्यानं वाचला,
हिशेब सांगतात त्या आवाजात.
ओल्हाबाईंचा हात सगळ्यांत आधी वर.
लॉयलचा शेवटी, खाज सुटल्यासारखा.
विरोधात कुणी नाही.

सभा संपली नऊ वाजून बारा मिनिटांनी.
हे पुढचं इतिवृत्तात नाही.

गारठ्याचं यंत्र बंद पडून सहा वर्षं झालीत,
बर्फ सांभाळते ती बाहेरची थंडीच.
ओल्हाबाई कोट चढवून मैदानात गेल्या,
पलीकडच्या टोकाचं मोठं दार
खांद्यानं ढकललं, सताड उघडलं,
खाली अर्धी वीट सरकवली, आणि घरी निघाल्या.

वारा आत शिरला. आम्ही सगळे बघत होतो.
दार लावावं, अशी सूचना
कुणीच मांडली नाही.